आवक क्रमांक चारशे सतरा

"साहेब, मुहूर्ताला पंचवीस मिनिटं उरली. वहिनी कुठे आहेत?"

गुंडोपंत उपाध्यांनी हे विचारले, तेव्हा मी रेशमी कद नेसून आणि उपरणे पांघरून बॉयलरच्या लोखंडी तोंडापुढे मांडलेल्या दोन पाटांपैकी डाव्या पाटावर बसलो होतो. उजवा पाट रिकामा होता. मागे मांडवात संचालक मंडळ फेटे बांधून बसले होते, त्यांच्या मागे कामगार उभे होते आणि एका अंगाला कारखान्याच्या वसाहतीतल्या बायका हळदीकुंकवाची तबके घेऊन ताटकळत होत्या.

सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम बॉयलर पेटल्यावाचून सुरू होत नाही, आणि आमच्याकडे बॉयलर पेटण्यापूर्वी एका दांपत्याने त्याची पूजा करावी, असा शिरस्ता होता. हा मान खरे पाहता चेअरमनचा. परंतु आमचे चेअरमन आबासाहेब खराडे हे विधुर असल्यामुळे तो गेली अकरा वर्षे कार्यकारी संचालकाकडे, म्हणजे माझ्याकडे आणि माझी पत्नी सुनीती हिच्याकडे चालत आला होता. त्या अकरा वर्षांत ती पाच मिनिटेही उशिरा आली नव्हती.

"येईल," मी म्हणालो. "सिद्रामला बंगल्यावर पाठवलं आहे."

बंगला तेथून तीनशे पावलांवर होता. सिद्राम शिपाई गेला तसा धावत परत आला आणि पाटापासून दोन हात अंतरावर उभा राहून टोपी चाचपू लागला.

"बंगल्याला कुलूप हाय, साहेब."

"कुलूप?"

"शेजारच्या बाई म्हनल्या, तुमी फॅक्टरीत आल्यावर पहाटं गाडी आली हुती. वहिनीसाहेबांचं भाऊ हुतं गाडीत. ऋजूताईला घिऊन गेल्या."

"कुठे?"

सिद्रामने मान खाली घातली. एका गृहस्थाची मुलगी कोठे गेली हे त्याच्या शिपायाला विचारावे लागावे, ही गोष्ट त्याला माझ्यापेक्षा अधिक लाजिरवाणी वाटत असावी.

"ते न्हाई इचारलं. तुमास्नी ठाव असंल म्हनून. पर जाताना गेटावर निरोप ठिवलाय. आवक चारशे सतरा बघा, म्हनं."

"काय वो नरगुंदे," मागून आबासाहेबांचा आवाज आला, "वहिनीबी तुमच्याशी कागदावरच बोलत्यात काय?"

संचालक मंडळ खदखदून हसले. मी हसलो नाही. कारण ते खरे होते, आणि त्याला कारण मीच होतो.

या ठिकाणी माझ्या कार्यपद्धतीविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. मी कारखान्यात आलो त्या वर्षी तेथे सगळा कारभार तोंडी चाले. जो तो दारात उभा राहून आपले नाते, आपला गाव आणि आपला गट सांगे आणि काम करून घेऊन जाई. मी ते बंद केले. "तोंडी काही नको, लेखी द्या," हे माझे वाक्य कामगार आपसांत माझ्या आवाजात म्हणून दाखवीत, हे मला ठाऊक होते. प्रत्येक अर्ज आवक नोंदवहीत चढे, त्याला क्रमांक पडे आणि आवक कारकून त्यावर एका ओळीचे टाचण लावून तो माझ्यापुढे ठेवी. त्या टाचणावर अर्जदाराचे नाव असता कामा नये, असा नियम मीच केला होता. नाव वाचले की माणूस आठवतो आणि माणूस आठवला की न्याय वाकतो, अशी माझी धारणा होती. मी फक्त टाचण वाचत असे, त्यावर लाल शाईने शेरा मारीत असे आणि कागद पुढे सरकवीत असे. या पद्धतीविरुद्ध कोणी काही बोलले तर मी त्याच्याशी तासभर वाद घालू शकत असे आणि तो वाद जिंकत असे.

"सिद्राम, आवक चारशे सतरा घेऊन ये. फाइलीसकट."

"आत्ता?" गुंडोपंत चपापले. "साहेब, संकल्प सोडायचा आहे."

"आत्ता."

सिद्राम गेला. मी बॉयलरच्या बंद झडपेकडे पाहत बसलो, आणि तीन दिवसांपूर्वीची सकाळ मला आठवली. मी दाढी करीत होतो. सुनीती दारात उभी राहून ऋजूच्या डोळ्याविषयी काही सांगू लागली. ऋजू, म्हणजे आमची ऋजुता, तेव्हा अकरा वर्षांची होती आणि तिला जाड भिंगांचा चष्मा होता. तेवढ्यात फोन वाजला. मी टर्बाइनच्या दुरुस्तीविषयी पंधरा मिनिटे बोललो आणि फोन ठेवून पाहतो तो सुनीती तेथेच उभी.

"सांगू का पुढे?" ती म्हणाली.

"हे बघ, हंगामाच्या तोंडावर तोंडी सांगितलेलं माझ्या डोक्यात राहत नाही. लेखी दे."

मी ते थट्टेने म्हणालो होतो. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि "बरं," म्हणून ती आत गेली. आज पहाटे कद माझ्या हाती देताना ती म्हणाली होती, "तुमचं उत्तर मिळालं मला." मी कशाचे उत्तर, म्हणून विचारले नाही. "दहाला ये, दहा चाळीसचा मुहूर्त आहे," एवढेच सांगून मी बाहेर पडलो होतो.

"आबासाहेब," गुंडोपंत इकडे चेअरमनना सांगत होते, "वेळ टळून चालायची नाही. शास्त्रात सोय आहे. पत्नी सन्निध नसेल तर तिच्या ठिकाणी सुपारी मांडावी."

"मग मांडा की. सुपारीला काय तोटा हाय काय?"

गुंडोपंतांनी तबकातून एक सुपारी उचलली, तिला हळदकुंकू लावले आणि उजव्या पाटाच्या मधोमध ठेवली. एवढ्या मोठ्या पाटावर ती एवढीशी सुपारी घरंगळू लागली, तेव्हा त्यांनी तिच्याखाली चिमूटभर अक्षता घातल्या. मग ती नीट बसली.

इतक्यात सिद्राम फाइल घेऊन आला. मी ती मांडीवर उघडली. वरच टाचण होते, आवक कारकुनाच्या गोल अक्षरांत: "विषय : हंगामाच्या प्रारंभी दहा दिवस रजा मिळणेबाबत." त्याच्याखाली माझ्या लाल शाईत, माझ्या तिरप्या अक्षरांत आणि माझ्या सहीनिशी शेरा होता: "हंगामानंतर विचार व्हावा."

आता मला आठवले, की हा कागद पुढे ठेवताना कारकून घुटमळला होता. "साहेब, हा अर्ज जरा आतून बघितला असता तर..." मी म्हणालो होतो, "टाचण आहे ना? मग आतून कशाला?"

मी टाचण उलटले. आत सुनीतीचे अक्षर होते.

"मा. कार्यकारी संचालक यांस,

महोदय, आपली कन्या चि. ऋजुता, वय वर्षे अकरा, हिच्या उजव्या डोळ्याचे आतले पटल सुटले असून येत्या गुरुवारी दुपारी बारा वाजता मिरजेस शस्त्रक्रिया ठरली आहे. डोळा वाचेल किंवा कसे, हे डॉक्टर आज सांगू शकत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर दहा दिवस तिचे दोन्ही डोळे बांधून, मानेच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या लावून तिला उताणी निजवून ठेवणार आहेत. त्या दहा दिवसांत वडिलांनी उशाशी बसून वाचून दाखवावे, अशी तिची मागणी आहे. इतर कोणाचे वाचन तिला चालणार नाही, कारण इतर लोक स्वल्पविरामाला थांबत नाहीत, असे तिचे म्हणणे आहे. सबब दहा दिवसांची रजा आपण स्वतःस मंजूर करावी, ही विनंती.

अर्जदार, सौ. सुनीती नरगुंदे, बंगला क्रमांक एक.

ता. क. : आपल्या सूचनेप्रमाणे लेखी देत आहे."

मी तो अर्ज दोनदा वाचला. त्यात एकही शब्द खोडलेला नव्हता. तो गुरुवार आजचा होता, आणि माझ्या मनगटावरच्या घड्याळात दहा वाजून एकवीस मिनिटे झाली होती.

"वाचलं न्हवं?" आबासाहेब खुर्चीतून उठून माझ्याजवळ येऊन उभे राहिले. "मग बसा आता नीट. गुंडोपंत, करा सुरू."

"आबासाहेब, मला मिरजेला जायला हवं. मुलीच्या डोळ्याची शस्त्रक्रिया आहे. बारा वाजता."

त्यांचा चेहरा जरा उतरला. माणूस वाईट नव्हता. "आरं तिच्या. मग काल का न्हाई बोलला? जावा की. हे अर्ध्या तासाचं काम उरका, माझी गाडी घ्या. सांजच्याला परत या. उद्या गव्हाणीत उसाची पैली मोळी टाकायची हाय, मंत्री येनार हायत."

"मला दहा दिवस लागतील."

"दहा दिवस!" ते ओरडलेच. "अवो, बॉयलर पेटायचा हाय आज! दहा दिवस तुमी न्हाई म्हनल्यावर कारखाना कुनी चालवायचा? पोरीपाशी तिची आई हाय, मामा हाय, डाक्टर हाय. तुमी थितं बसून काय डोळा शिवनार हाय काय? हंगाम एकदा लागू दे मार्गाला, मग बघू रजेचं."

"हा शेरा मी स्वतःच मारून बसलो आहे," मी म्हणालो आणि टाचण त्यांच्यापुढे धरले. "शब्द थोडे वेगळे आहेत, इतकंच."

त्यांनी ते वाचले. मग अर्जाची पहिली ओळ वाचली. मग माझ्याकडे पाहिले आणि आवाज खाली आणून, समजुतीच्या सुरात म्हणाले, "नरगुंदे, मानूस मोठ्या खुर्चीत बसला म्हंजे असं हुतंच. तुमाला ठाव हाय, माझी मंडळी गेली तवा मी कुठं हुतो. गव्हाणीवर हुतो. कारखान्याचा पैला हंगाम हुता त्यो. लोक न्यायला आले, मी म्हनलं, साखरेचं पैलं पोतं भायेर पडू द्या, मग येतो. आज बत्तीस गावं माझं नाव घेत्यात ते काय उगंच?"

हे मी अकरा वर्षे ऐकत होतो. नुसते ऐकतच होतो असे नव्हे. त्यांच्या एकसष्टीला जे मानपत्र दिले गेले, ते मी लिहिले होते. "पत्नीवियोगाची वार्ता कानी आली असताही ज्यांचे पाऊल कर्तव्यभूमीवरून तसूभर ढळले नाही," हे त्यातले वाक्य वाचले गेले, तेव्हा सभामंडप टाळ्यांनी दणाणला होता. ते वाक्य जमावे म्हणून मी चार कच्चे मसुदे फाडले होते. 'तसूभर' हा शब्द सापडला, तेव्हा मला कोण आनंद झाला होता.

मी पाटावरून उठलो.

"साहेब, संकल्प!" गुंडोपंत.

"आबासाहेब, त्या मानपत्रातलं ते वाक्य माझं आहे. मी ते मागे घेतो."

"म्हंजे?"

"म्हणजे ते वाक्य चूक होतं. टाळ्या पडल्या, तरी चूक होतं. तुम्ही त्या दिवशी जायला हवं होतं. पोतं कुणीही शिवलं असतं."

बत्तीस गावांत आबासाहेबांना असे कोणी बोलले नव्हते, आणि मी तर नक्कीच नव्हतो.

"राजीनामा द्यायचा इचार हाय काय?" ते दातांवर दात ठेवून म्हणाले. मला धाक घालण्याची त्यांची ही नेहमीची पद्धत होती, आणि ती नेहमी लागू पडे.

"लेखी देतो," मी म्हणालो.

फाइलीत अडकवलेले लाल शाईचे पेन मी काढले. टाचणावरचा माझा शेरा एका सरळ रेघेने खोडला आणि त्याखाली लिहिले: "अर्ज मंजूर." सही केली, तारीख घातली. मग फाइलीतला एक कोरा कागद काढून, गुडघ्यावर ठेवून, उभ्याउभ्याच राजीनामा लिहिला. आयुष्यात मी लिहिलेला तो सर्वांत लहान मसुदा असेल. "कार्यकारी संचालक या पदाचा राजीनामा देत आहे. कारण घरगुती असून पुरेसे आहे." आबासाहेबांनी तो हाती घेतला नाही, म्हणून मी तो त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर पूजेचा नारळ ठेवला.

"आन् पूजा?" ते ओरडले. "पूजेला कोन बसंल?"

"हैबती बसेल. चोवीस वर्षं या भट्टीत तो चिपाडं लोटतो आहे. बॉयलर खरा पेटवतो तो. त्याची बायको त्या तिथे तबक घेऊन उभी आहे. दोघांनाही मुहूर्त माहीत आहे."

हैबती फायरमन खांबाआड सरकू लागला. बायकांत कोणीतरी फिसकन हसले आणि लगेच तोंडाला पदर लावला. मी खाली वाकून उजव्या पाटावरची सुपारी उचलली, अर्जाची फाइल काखेत मारली आणि चालू लागलो.

मांडवाच्या तोंडाशी आबासाहेबांनी मला गाठले. हात धरला नाही; फक्त शेजारून चार पावले चालले. आता त्यांच्या आवाजात चेअरमन नव्हता.

"निरोप दोनदा धाडला हुता माझ्या मंडळीनं," ते म्हणाले. "येकदा न्हाई. दोनदा." आणि ते वळून मांडवात परतले.

कारखान्याची गाडी घेण्याचा माझा अधिकार चार मिनिटांपूर्वी संपला होता, म्हणून मी फाट्याकडे पायी निघालो. आपण अनवाणी आहोत हे अर्ध्या वाटेत ध्यानात आले. मागून सिद्राम माझ्या चपला आणि पाकीट घेऊन धावत आला, आणि त्या चपला मी पायांत सरकवीपर्यंत मिरजेची एस.टी. फाट्यावर उभी राहिली. रेशमी कद, कपाळाला गंध आणि काखेत फाइल अशा थाटात मी आत शिरलो, तेव्हा कंडक्टर म्हणाला, "या गुरुजी, पुढं सरका. कुनाचं लगीन लावायचंय आज?"

"माझंच," मी म्हणालो. त्याने तिकीट फाडताना माझ्याकडे दोनदा पाहिले.

मी पोहोचलो तेव्हा पाऊण वाजत आला होता. रुग्णालयाच्या लांब बाकावर सुनीती आणि तिचा भाऊ बसले होते. मला पाहताच भाऊ चहाच्या निमित्ताने उठून गेला. सुनीतीने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले.

"आत नेलं आहे," ती म्हणाली. "पाऊण तास झाला. पूजा अर्धी टाकून आलात?"

"सुरूच केली नाही. तुझ्या जागी सुपारी मांडली होती." मी मूठ उघडून ती दाखवली.

तिने ती बोटांत धरून फिरवून पाहिली. "एका दिवसाची सुपारी तुम्हांला बघवली नाही," ती शांतपणे म्हणाली. "आम्ही अकरा वर्षं तुमच्या पाटावर तीच मांडून संसार केला."

वाद घालण्याचा माझा लौकिक मोठा होता. त्या बाकावर तो काही कामास आला नाही. मी फाइल उघडून तिच्यापुढे धरली. खोडलेला शेरा आणि त्याखालचे दोन शब्द तिने वाचले.

"निर्णयाला तीन दिवसांचा विलंब झाला आहे," ती म्हणाली.

"मान्य."

"आणि दहा दिवसांनी?"

"राजीनामा दिला आहे."

मग तिने माझ्या उपरण्याचे टोक ओढून आपल्या मांडीवर घेतले आणि त्याने डोळे पुसले. "सोवळ्यात आहात," ती म्हणाली, "आणि ह्या बाकावर बसलात. गुंडोपंत काय म्हणतील?"

अडीच वाजता डॉक्टर बाहेर आले. जमेल तेवढे केले आहे, दहा दिवसांनी पट्टी उघडल्यावर कळेल, असे ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ऋजू पुरती शुद्धीवर आली. दोन्ही डोळ्यांवर जाड पांढरी पट्टी आणि कानांपाशी वाळूच्या पिशव्या. माझी चाहूल लागताच तिने हात पुढे केला आणि तिच्या हाताला कद लागला. मामाचा सदरा मला होत नव्हता आणि कपडे आणायला मी गेलो नव्हतो.

"हे कोण गुरुजी?" ती घाबरून म्हणाली. "आई, मला काय झालंय?"

"मी आहे, ऋजू."

"बाबा? मग मंत्र नका म्हणू. वाचा."

घाईत कोणी पुस्तक आणलेच नव्हते. माझ्यापाशी एकच लिखाण होते. मी फाइल उघडली आणि आवक क्रमांक चारशे सतरा, दिनांकासह, स्वल्पविरामाला थांबून, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. 'स्वल्पविरामाला थांबत नाहीत' हे आले तेव्हा तिला हसू फुटले.

"हसायचं नाही, मान हलते," सुनीती म्हणाली.

"ते वाक्य मी सांगितलं होतं," ऋजू म्हणाली. "आई 'सबब' लिहिणार नव्हती. मी म्हटलं, 'सबब' घाल, म्हणजे बाबा वाचतील."

पाचव्या दिवशी दुपारी सिद्राम आला. एव्हाना पुस्तके आली होती, कपडे आले होते आणि आम्ही दुसऱ्या पुस्तकाच्या मध्यावर होतो. त्याने बंद लखोटा पुढे केला. आत कारखान्याच्या छापील कागदावर, संचालक मंडळाच्या शिक्क्यानिशी मजकूर होता: "आपला राजीनामा अमान्य करण्यात आला आहे. आपल्यावाचून कारखान्याचा खोळंबा झाला आहे. तरी सत्वर कामावर रुजू व्हावे." खाली आबासाहेबांची सही होती.

"खोळंबा झाला आहे का रे, सिद्राम?"

"कशाचा खोळंबा, साहेब? चिमनीतनं धूर निघतुया की." तो खिदळला. "हैबती बसला पूजेला. बायकू आदी लाजली, मग अशी बसली की उठंचना. आबासाहेबांनीच तिची वटी भरली. पर तुमी आला तर बरंच हुईल."

"काय आहे, बाबा?" ऋजूने पट्टीआडून विचारले.

मी पत्र वाचून दाखवले. तिची बोटे चादरीवर हलत होती. मग तिने अगदी हलक्या आवाजात विचारले, "जाणार?"

सुनीती खिडकीपाशी मोसंबी सोलत होती. तिचे हात थांबले; पण तिने वळून पाहिले नाही.

"सिद्राम," मी म्हणालो, "फाइलीतलं माझं पेन दे."

पत्राच्या समासात, लाल शाईने, माझ्या नेहमीच्या तिरप्या अक्षरांत मी शेरा मारला, सही केली, तारीख घातली आणि कागद घडी करून सिद्रामच्या हाती दिला.

"काय लिहिलंत?" ऋजू म्हणाली. "मोठ्यानं वाचा."

"हंगामानंतर विचार व्हावा."

खिडकीपाशी सुनीती इतकी हसली की मोसंबीच्या फोडी जमिनीवर सांडल्या. ऋजूला हसण्याची मनाई होती. तिने दोन्ही मुठी गच्च आवळून ते कसेबसे दाबून धरले.

दहाव्या दिवशी पट्टी उघडली. उजव्या डोळ्याने तिला अर्धे दिसते. वरचे दिसते, खालचे दिसत नाही. पुढे सांगलीत एका छापखान्यात मी मुद्रिते तपासण्याचे काम धरले. ते सकाळी अकराला सुरू होई आणि पाचला संपे. बत्तीस गावांत मी खुळा ठरलो आणि अजूनही तसाच ठरतो, हे माझ्या कानी येते.

तो हंगाम फाल्गुनात संपला. त्यानंतर आणखी अडतीस हंगाम संपले. विचार अद्याप झालेला नाही.